नव्या आईवडिलांसाठी: बाळाचे गंभीर जिवाणूसंसर्ग, लसी आणि वेळेचा हिशेब

लहान मुलांना येणारे बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि दोन-चार दिवसांत आपले आपण उतरतात. हा लेख उरलेल्या थोड्या तापांविषयी आहे. त्यांत जिवाणू रक्तात, फुफ्फुसांत किंवा मेंदूच्या आवरणात शिरलेले असतात, आणि सकाळी नीट दूध प्यायलेले मूल रात्रीपर्यंत अत्यवस्थ झालेले असू शकते. अशा संसर्गांपैकी अत्यंत घातक अशा काहींवर लसी आहेत, सर्वांवर नाहीत. म्हणून प्रथमच आईवडील झालेल्यांना दोन वेगळे हिशेब ठेवावे लागतात: लसींचा हिशेब आठवड्यांचा असतो आणि आजाराचा तासांचा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. देशोदेशींची वेळापत्रके थोडीफार वेगळी असतात, त्यामुळे नेमक्या तारखा आपल्या हाती दिलेल्या लसीकरण कार्डावरूनच घ्याव्यात; त्या तारखांमागचे कारण येथे समजून घ्यावे.

पहिली पायरी: कार्डावरची नावे ओळखीची करून घेणे

नावे तीन गटांत लावली की बराचसा गोंधळ मिटतो. पहिला गट न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस या तिघांचा. तिघांचाही मुक्काम माणसाच्या नाकात आणि घशात असतो. निरोगी मुलांच्या नाकातही न्यूमोकोकस सापडतो आणि बहुतेक वेळा काहीच करत नाही. पण कधी तो कानात उतरतो, कधी फुफ्फुसात, आणि क्वचित रक्तात शिरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. या शेवटच्या प्रकाराला डॉक्टर मेनिंजायटिस म्हणतात. बोलण्यात त्याला मेंदूज्वर म्हटले जाते, मात्र तोच शब्द विषाणूंमुळे होणाऱ्या एका वेगळ्या आजारालाही वापरतात, म्हणून डॉक्टरांशी बोलताना नेमके काय अभिप्रेत आहे ते विचारून घ्यावे.

या तिघांच्या अंगावर शर्करेच्या साखळ्यांचे निसरडे आवरण असते आणि त्यामुळे शरीरातील भक्षक पेशींच्या तावडीत ते सहजासहजी येत नाहीत. आवरणाची घडण बदलली की जिवाणूचा प्रकार बदलतो. न्यूमोकोकसचे शंभराहून अधिक प्रकार ठाऊक आहेत. लसीत त्यांपैकी गंभीर आजार अधिक घडवणारे प्रकार निवडून घातलेले असतात, आणि लसीच्या नावाला जोडलेला १०, १३, १५ किंवा २० हा आकडा त्या निवडक प्रकारांची संख्या असते. मेनिंगोकोकसचे गट ए, बी, सी, डब्ल्यू, वाय अशा अक्षरांनी ओळखले जातात. एका गटाची लस दुसऱ्या गटापासून संरक्षण देईलच असे नाही, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘मेंदूज्वराची लस झाली आहे’ या वाक्यावर विसंबण्याची चूक होत नाही. कोणती लस, हा प्रश्न उरतोच.

हिब या नावाने अनेकांची दिशाभूल होते. त्याचे पूर्ण नाव हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी. १८९२ मध्ये, इन्फ्लुएन्झाची मोठी साथ चालू असताना, रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला रुग्णांच्या कफात हा जिवाणू सापडला आणि साथीचे कारण तोच आहे असे त्यांनी मानले. माणसातील इन्फ्लुएन्झाचा खरा विषाणू १९३३ मध्ये वेगळा काढण्यात आला, पण तोवर जिवाणूला नाव चिकटले होते. त्यामुळे हिबची लस घेतली म्हणून फ्लूपासून संरक्षण मिळत नाही, आणि फ्लूची लस घेतली म्हणून हिबपासून मिळत नाही.

दुसरा गट घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याचा. येथे खरा घात जिवाणूंनी सोडलेली विषे करतात: घटसर्पाचे विष हृदयाच्या स्नायूला आणि नसांना इजा करते, धनुर्वाताचे विष स्नायू आखडून टाकते. निष्प्रभ केलेले हेच विष लसीत वापरतात. डांग्या खोकल्याच्या लसीत त्याखेरीज जिवाणूचे इतर घटक किंवा संपूर्ण मृत जिवाणूच असतो. तिसऱ्या गटात क्षयरोग आणि विषमज्वर येतात. क्षयावरची बीसीजी ही लस काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेरा वर्षे जिवाणू वाढवत, त्याची धार बोथट करत तयार केली आणि १९२१ मध्ये ती प्रथम एका अर्भकाला देण्यात आली. मोठेपणी होणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयापासून तिचे संरक्षण बेताचेच असते. लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून मात्र ती चांगले संरक्षण देते, आणि ती इतक्या लवकर देण्याचे कारण तेच आहे.

दुसरी पायरी: जन्माआधीची तयारी

लसीकरण बाळाच्या जन्मानंतर सुरू होते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पहिली लस आईच्या दंडात दिली जाते. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, नाळेवाटे बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे काही महिने तीच त्याची शिदोरी असते. आईजवळ जे नाही ते अर्थातच बाळाला मिळत नाही.

याचा सर्वाधिक उपयोग डांग्या खोकल्यासाठी होतो. मोठ्या मुलाचा डांग्या खोकला ऐकताच ओळखू येतो: उबळीवर उबळ, आणि शेवटी श्वास आत ओढताना येणारा लांब आवाज. दोन महिन्यांच्या आतील बाळात पुष्कळदा असा आवाज येतच नाही. बाळ दोन-तीनदा ठसकते, चेहरा लाल होतो, मग निळसर पडतो आणि श्वास काही सेकंद थांबतो. हा आजार तान्ह्या बाळांचे बळी घेतो तो याच वयात, म्हणजे बाळाच्या स्वतःच्या लसी पूर्ण होण्यापूर्वी. ही मधली फट बुजवायची असेल तर गरोदरपणाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत, प्रसूतीपूर्वी निदान १५ दिवस, आईने डांग्या खोकल्याचा समावेश असलेली लस घ्यावी. तेवढे दिवस प्रतिपिंडे तयार होऊन बाळापर्यंत पोचायला लागतात. घरात सतत खोकणारे मोठे माणूस असेल तर त्याने बाळापासून दूर राहावे; मोठ्यांचा साधा वाटणारा लांबलेला खोकला कधीकधी डांग्याच असतो.

धनुर्वाताची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे बीजाणू मातीत असतात, माणसाकडून माणसाला तो होत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या सर्वांनी लस घेतली तरी न घेतलेल्याला तिचा काहीही आडोसा मिळत नाही. नवजात बाळाला तो कापलेल्या नाळेतून होतो. आईची लस, निर्जंतुक केलेल्या साधनाने कापलेली नाळ, आणि नंतर बेंबीला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही न लावणे, एवढे पाळले की तो टळतो.

तिसरी पायरी: वेळापत्रकामागचे गणित समजून घेणे

नव्या पालकांचा नेहमीचा प्रश्न असा की एवढ्याशा जिवाला इतक्या सुया इतक्या लवकर कशासाठी. उत्तर प्रतिपिंडांच्या जमाखर्चात आहे. आईकडून मिळालेली शिदोरी पहिल्याच महिन्यांत संपत जाते. बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती हळूहळू तयार होते. आणि हिब व न्यूमोकोकस यांच्या गंभीर आजारांचा मोठा भाग पहिल्या दोन वर्षांतच येतो. त्यातच आणखी एक अडचण आहे. दोन वर्षांखालील मुलांचे शरीर शर्करेच्या आवरणाविरुद्ध टिकाऊ प्रतिकार उभा करू शकत नाही. केवळ आवरणापासून केलेल्या जुन्या लसी म्हणूनच मोठ्यांवर चालत आणि ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज होती त्या बाळांवर फसत. उपाय निघाला तो आवरणाचा तुकडा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडण्याचा. प्रथिनाला बाळाचे शरीर ओळखते, आणि त्याच्या जोडीने आलेल्या आवरणाचीही आठवण ठेवते. या लसींना कॉन्जुगेट लसी म्हणतात. बाळांसाठीच्या हिबच्या आणि न्यूमोकोकसच्या लसी याच पद्धतीच्या आहेत, तसेच विषमज्वराची सहा महिन्यांपासून देता येणारी लसही. बाळाच्या आरोग्यासाठी गेल्या काही दशकांत झालेल्या कामांत या एका युक्तीला मी फार वरचे स्थान देईन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बीसीजी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब व हिपॅटायटिस बी यांची एकत्रित लस सहा आठवड्यांपासून देतात. तिच्या तीन डोसांमध्ये निदान चार आठवड्यांचे अंतर असावे लागते. न्यूमोकोकसची लसही सहा आठवड्यांपासून सुरू करता येते. पहिला डोस शरीराला ओळख करून देतो, पुढचे डोस ती पक्की करतात. एका डोसानंतर बाळ सुरक्षित झाले असे समजून थांबणे म्हणजे अर्धवट भिंतीवर छप्पर टाकण्यासारखे आहे. घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याचे बूस्टर, म्हणजे संरक्षण टिकवणारे पुढचे डोस, दुसऱ्या वर्षी, चार ते सात वर्षांच्या दरम्यान आणि पुन्हा नऊ ते पंधरा वर्षांच्या दरम्यान सुचवले जातात. शेवटच्या दोहोंचा पालकांना सर्रास विसर पडतो, कारण तोवर कार्ड कुठेतरी कपाटात गेलेले असते. कार्डाचा फोटो काढून ठेवावा.

तारीख चुकली तर? मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जिथे थांबली तिथून पुढे चालू करतात. फार उशीर झाला असेल तर डोसांची संख्या वयानुसार बदलू शकते, ती डॉक्टर ठरवतील. उलट, ठरलेल्या अंतरापेक्षा लवकर घेतलेला डोस धरला जाईलच असे नाही. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या लसी प्रत्यक्ष जन्मतारखेवरूनच मोजतात. अशा बाळांना धोका अधिक असल्याने ‘जरा वजन वाढू दे’ असे म्हणून घरच्या घरी लांबणीवर टाकणे चुकीचे आहे.

ज्या मुलांना प्लीहा नाही किंवा ती काम करत नाही, ज्यांना सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, ज्यांच्या कानात ऐकू येण्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट हे उपकरण बसवले आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांना आवरणधारी जिवाणूंचा धोका कितीतरी पटींनी वाढतो आणि जादा डोसांची गरज पडते. त्यांचे वेळापत्रक तज्ज्ञांकडून स्वतंत्र आखून घ्यावे.

चौथी पायरी: लसीच्या दिवशी

सर्दी, किंचित ताप, किरकोळ जुलाब किंवा चालू असलेले प्रतिजैविक, यांपैकी कशामुळेही या इंजेक्शनांची तारीख पुढे ढकलावी लागत नाही. मूल खरोखर आजारी असेल, ताप चढलेला असेल, तर थांबतात. आधीच्या डोसानंतर अंगभर गांधी उठून श्वास कोंडला असेल किंवा मूल कोसळले असेल, किंवा डांग्या खोकल्याच्या लसीनंतर सात दिवसांच्या आत मेंदूचा गंभीर त्रास झाला असेल, तर ते सुई लावण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. बीसीजी ही जिवंत लस असल्याने प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषाचा घराण्यात इतिहास असल्यास तोही सांगावा.

लसी दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. अनेक कुप्यांवर एक छोटे वर्तुळ छापलेले असते आणि त्याच्या आत एक चौकोन असतो. कुपीला उष्णता लागत जाते तसतसा तो चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर कुपी वापरण्याजोगी. रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला तर टाकून देण्याजोगी. सगळ्याच कुप्यांवर ही खूण नसते, पण असेल तेथे दाखवा म्हणायला संकोच करू नये. चांगले आरोग्यसेवक स्वतःहून दाखवतात.

तान्ह्या बाळाला इंजेक्शन मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात. बाळाला मांडीवर घट्ट धरावे आणि सुईच्या वेळी अंगावर पाजत राहावे. वेदना त्याने खरोखर कमी होते. एकाच भेटीत दोन-तीन इंजेक्शने घेतल्याने लसींचा परिणाम कमी होत नाही. त्यानंतर १५ ते ३० मिनिटे केंद्रावरच थांबावे, कारण अत्यंत क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी बहुधा त्याच अवधीत दिसते आणि तिच्यावरचे औषध तेथे हाताशी असते.

पाचवी पायरी: घरी आल्यावर

पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, किरकिर, सुईच्या जागी लाली आणि सूज येणे हे नेहमीचे आहे. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. ताप येण्याआधीच देण्याची साधारणपणे गरज नसते, मात्र मेनिंगोकोकस बीची लस तान्ह्या बाळाला इतर लसींबरोबर दिल्यास ताप अधिक येतो, म्हणून तिच्या बाबतीत ते आधीपासून सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. सुईची जागा चोळू नये. तीन तासांहून अधिक काळ न थांबणारे रडणे, आकडी, किंवा बाळ एकाएकी ढिले व फिके पडणे, यांसाठी लगेच संपर्क साधावा.

बीसीजीची जागा मात्र उशिरा बोलते. काही आठवड्यांनी तेथे पुटकुळी येते, ती फुटून छोटा व्रण होतो, खपली धरते आणि शेवटी वण उरतो. त्यावर मलम, पावडर, पट्टी काही नको. वण उठला नाही म्हणून लस वाया गेली असेही नाही.

सहावी पायरी: धोक्याची चिन्हे घरी ओळखणे

सर्व लसी वेळेवर झालेल्या मुलालाही गंभीर जिवाणूसंसर्ग होऊ शकतो. लसीत नसलेले न्यूमोकोकसचे प्रकार आहेत. नवजात बाळांना ग्रासणारे गट बी स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय आहेत; स्टॅफिलोकोकस आहे. त्यांच्यावर बाळाला द्यायची लस वापरात नाही. म्हणून पुढच्या गोष्टी प्रत्येक पालकाला करता आल्या पाहिजेत.

श्वास मोजणे. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगावरचे कपडे वर सरकवून छाती आणि पोट उघडे करावे. सेकंदकाटा दिसेल असे घड्याळ शेजारी ठेवावे आणि पोट वर आले की एक, असे पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बाळांचा श्वास मुळातच अनियमित असतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वास. दोन महिन्यांखालील बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. खोकल्याबरोबर असा श्वास असेल तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर दिवसाची वाट पाहू नये.

डाग तपासणे. तापात अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले तर स्वच्छ काचेच्या पेल्याची बाजू त्यांवर घट्ट दाबून काचेतून पाहावे. साध्या पुरळाचा रंग दाबाखाली नाहीसा होतो. ठिपके तसेच दिसत राहिले तर ते त्वचेखालील रक्तस्राव असू शकतात आणि मेनिंगोकोकसमुळे रक्तात पसरलेल्या संसर्गाची शंका घेऊन तत्काळ आपत्कालीन विभाग गाठावा. सावळ्या त्वचेवर ठिपके लवकर दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळा पाहावा. ठिपके उशिराचे चिन्ह आहे, ते येईपर्यंत थांबू नये. ताप असूनही हातपाय गार पडणे, पाय दुखतात म्हणून मुलाने रडणे, त्वचा फिकट किंवा चट्ट्याचट्ट्यांची दिसणे, ही चिन्हे पुष्कळदा त्याआधी येतात.

बाळाकडे पाहणे. मान ताठ होणे हे मेनिंजायटिसचे सर्वांना ठाऊक असलेले लक्षण तान्ह्या बाळात बहुतेकदा नसते. त्याऐवजी डोक्यावरची मऊ टाळू फुगलेली लागते, रडणे उंच आणि किंचाळल्यासारखे होते, उचलून घेतल्यावर बाळ शांत होण्याऐवजी जास्तच रडते, दूध ओढत नाही, निपचित पडून राहते. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप असेल तर, इतर काहीही दिसत नसले तरी, लगेच तपासून घ्यावे. नवजात बाळात संसर्गामुळे ताप येण्याऐवजी अंग गारही पडू शकते. आणि आईला ‘आज हे नेहमीसारखे नाही’ असे वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना तसेच सांगावे. अनुभवी डॉक्टर या वाक्याला महत्त्व देतात.

घरात उरलेले प्रतिजैविक स्वतःच्या मनाने देऊ नये. त्याने विषाणूचा ताप उतरत नाही, आणि आजार जिवाणूचा असेल तर अपुऱ्या मात्रेने लक्षणे झाकली जाऊन निदान अवघड होते.

सातवी पायरी: रुग्णालयात आणि त्यानंतर

गंभीर संसर्गाची शंका असली की प्रथम रक्ताचा नमुना जिवाणू वाढवून पाहण्यासाठी घेतात आणि निकालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू करतात. मेनिंजायटिसची शंका असेल तर पाठीच्या कण्यातून पाणी काढण्यासाठी संमती मागितली जाते. या तपासणीच्या भीतीने कितीतरी पालक तासचे तास घालवतात. सुई कमरेच्या खालच्या बाजूला, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात, आणि त्या थेंबांवरून कोणता जिवाणू आहे व औषध किती दिवस द्यायचे हे ठरते. संमती द्यायला वेळ लावू नये.

मेनिंगोकोकसचे निदान झाले तर घरातील सर्वांना, लस झालेली असो वा नसो, प्रतिबंधक प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर दिले जाते. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता मागील सात दिवसांत मुलाच्या निकट आलेल्यांची नावे लिहून द्यावीत.

जिवाणूजन्य मेनिंजायटिसमधून वाचलेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाला कायमचा काही ना काही त्रास उरतो, आणि त्यांत ऐकू कमी येणे वारंवार आढळते. बाळ हसते-खेळते दिसले तरी घरी सोडण्यापूर्वी किंवा त्यानंतर चार आठवड्यांच्या आत श्रवणचाचणी मागून घ्यावी. दोष लवकर कळला तर बोलणे शिकण्याच्या वयातच मदत सुरू करता येते.

शेवटचे काम म्हणजे कार्ड पुन्हा काढणे. एकदा आजार होऊन गेला म्हणजे लसीची गरज उरली नाही, हा समज येथे लागू पडत नाही. धनुर्वात होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येत नाही, आणि दोन वर्षांखालील मुलाला हिबचा आजार होऊन गेला तरी त्याच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होतीलच असे नाही. त्यामुळे मूल बरे झाल्यावर राहिलेले डोस कधीपासून सुरू करायचे, ही तारीख घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्यावी.